दीड हजारावर येतोय... बरोबर का?

आधीच सांगते. ही रचलेली गोष्ट नाही.

पटली तर पटली, नाही तर हसून सोडून द्या. माझं काही अडलेलं नाही. पण ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मामा, चिंचणीचा कमलाकांत चुरी. बाटलीला कधी न शिवलेला माणूस. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून अंगणात जाणारा. त्याने मला हे आयुष्यात एकदाच सांगितलं.

साल एकोणीसशे सहासष्ट. मार्गशीर्षातली अमावस्या.

जागा... जागा म्हणजे जमीन नाही. बोईसर-तारापूरच्या वरचं आकाश.

वेळ तिन्हीसांजेची.

कमलाकांत तेव्हा विमानावर सहवैमानिक होता. डाकोटा म्हणत त्या विमानांना, दोन पंख्यांची. अहमदाबादहून उतारू घेऊन सांताक्रूझला चालले होते. डावीकडे कॅप्टन टिपणीस, उजवीकडे हा.

टिपणीस म्हणजे चुऱ्यांच्या घरचा देव. का, ते सांगते.

कमलाकांतचा थोरला भाऊ हरेश्वर, तोही वैमानिक. गावातला पहिला. चार वर्षांपूर्वी त्याचं टपालाचं विमान पालघरच्या उगवतीला डोंगरावर आदळलं. तो आणि त्याचा जोडीदार, दोघेही जागच्या जागी गेले. चौकशी झाली. निकाल लागला, 'परवानगी नसताना खाली आला. वैमानिकाचा उतावळेपणा.'

जीव तर गेलाच, वर नावालाही काळं लागलं.

आता इथे जरा नीट ऐका, नाही तर पुढचं कळायचं नाही.

विमान आपल्या मनाने उतरत नाही. मुंबईच्या मनोऱ्यात माणूस बसलेला असतो, तो सांगेल तेव्हाच खाली यायचं. खाली दुसरं विमान असलं की तो वरच्याला ताटकळत ठेवतो. डहाणू गेलं, वाणगाव गेलं, पालघर आलं, तरी आपण वरच. मग एकदम सांगणार, या आता! की नाक खाली करून धावत उतरायचं. उतारूंचे कान बंद, पोरं रडताहेत. वैमानिक मनोऱ्याच्या नावाने बोटं मोडत, पण थांबत. थांब म्हटलं की थांबायचंच.

त्या काळचे रेडिओही बेताचेच. लांबच्या विमानाला मुंबई ऐकू यायची नाही. मग मधल्या विमानाने निरोप पोचवायचा. विमानात दोन रेडिओ असत. एक मुंबईशी बोलायला, दुसरा आपसात. निरोप यायचा तो दुसऱ्यावर. ज्याला निरोप मिळाला त्याने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि विचारायचं, "बरोबर का?" काही चुकलं असेल तर सांगणाऱ्याने लगेच म्हणायचं, "चूक. थांब."

तो गप्प राहिला तर बरोबर समजायचं. अशी त्यांची रीत.

हरेश्वर पडला त्या अमावस्येच्या संध्याकाळी मधलं विमान होतं टिपणीसांचं. मुंबईने त्यांना सांगितलं होतं, 'मागच्याला थांबायला सांगा.' चौकशीत टिपणीस म्हणाले, "मी थांबच सांगितलं. पोरगा थांबला नाही." दुसरा रेडिओ त्यांच्या एकट्याच्या कानाला होता. शेजारचा माणूस मुंबईशी बोलण्यात गुंतलेला. तेव्हा खरंखोटं सांगू शकेल असा दुसरा माणूस एकच, हरेश्वर. आणि तो काय सांगणार?

चौकशी संपली आणि टिपणीस स्वतः चिंचणीला आले. ओटीवर बसून लहान मुलासारखे रडले. विमान चालवायला शिकणाऱ्या कमलाकांतला त्यांनीच नोकरीला लावलं. दर भाऊबीजेला यायचे. आय, म्हणजे माझी आजी, त्यांना ओवाळायची, ताज्या बोंबलांचं कालवण वाढायची आणि म्हणायची, "एक लेक देवानं नेला, पन भाऊ दिला मला."

एकटी नलूवहिनी, हरेश्वरची बायको, टिपणीस आले की मागच्या दाराने विहिरीवर निघून जायची.

"ते उतावळे नव्हते," ती म्हणायची. "लग्नाला हो म्हणायला ज्या माणसाने दोन वर्षं लावली, तो उतावळा?"

 खरं सांगायचं तर कमलाकांतलाही वाटायचं, दादाने घाई केली. दादाचा राग यायचा त्याला. कारण टिपणीस प्रत्येक उड्डाणाला सांगायचे, "बाळा, भावासारखं करू नकोस हं."

आणि तो मान डोलवायचा.

तर त्या संध्याकाळी ते वाणगावच्या वर आले. उजवीकडे समुद्रावर तांबडं उरलेलं. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चालू होतं, तिथले दिवे लागले होते. पलीकडे चिंचणीचा किनारा. डावीकडे डोंगर, पण ते दिसत नव्हते. थंडीचं धुकं उतरलं होतं.

कमलाकांतने मुंबईला विचारलं, "आठ हजार फुटांवर आहोत. खाली येऊ का?"

"थांबा."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

"थांबा, सांगतो."

"आजही रखडवणार लेकाचे," टिपणीस हसून म्हणाले. विमान त्यांच्याच हातात होतं.

बोईसर मागे पडलं. आता उशीर व्हायला लागला होता. कमलाकांतने तिसऱ्यांदा हाक मारली...

उत्तर नाही.

पुन्हा हाक मारली...

उत्तर तर नाहीच, पण रेडिओची खरखरही नाही. ती कधीच थांबत नाही हो! कुणीतरी कुठेतरी बोलत असतं, नाही तर वाऱ्यावादळाचा आवाज असतो. आता तेही नव्हतं. कानात काहीच नव्हतं.

मग दुसरा रेडिओ जागा झाला.

आधी नुसता श्वास...

मग आवाज.

"निरोप मिळाला. आठ हजार सोडतोय. दीड हजारावर येतोय. बरोबर का?"

कमलाकांतला वाटलं, असेल मागचं एखादं विमान. पण मागे विमान असल्याचं मुंबई बोललीच नव्हती.

आणि ते 'बरोबर का'...

ते त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. पतंगाला गाठ मारून दिली की, सायकलची साखळी बसवून दिली की, दादा मान तिरकी करून विचारायचा. का-वर थोडा थांबून. जगात दुसरं कुणी तसं विचारत नव्हतं.

"टिपणीस साहेब... बरोबर का?"

कमलाकांतने डावीकडे पाहिलं. टिपणीसांच्या तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"सर... हा दादा आहे."

"गप्प बस. दुसरं विमान आहे ते."

"कुठलं विमान? तो तुमचं नाव घेतोय!"

"गप्प बस म्हटलं ना!"

आवाज येतच होता. शांत, कामातल्या माणसाचा आवाज.

"सात हजार... सहा हजार... साहेब, खाली धुकं फार आहे. काही दिसत नाही. मुंबईने परवानगी दिलीय ना नक्की?"

मग थांबला. उत्तराची वाट पाहत थांबला.

कमलाकांतला भीती होतीच, पण भीतीच्याही आधी त्याला कळलं की दादा विचारतोय. दोनदोनदा विचारतोय. उतावळा माणूस असं विचारत नाही.

"सर, बोला त्याच्याशी! चूक म्हणा. थांब म्हणा!"

टिपणीस समोर बघत होते. ओठ हलत होते. कमलाकांतने वाकून कान दिला.

"येणारच होती रे..." ते पुटपुटत होते. "परवानगी येणारच होती. मिनिटभर आधी सांगितलं, एवढंच. नेहमी येतेच ना... येणारच होती..."

माझा मामा म्हणतो, त्या क्षणी विमान पडलं असतं तरी त्याला काही वाटलं नसतं. चार वर्षं! या माणसाच्या पाया पडत होता तो. याच्या हातावर आय दर भाऊबीजेला ओवाळून नारळ ठेवत होती. 'थांब' असा निरोप असताना यानेच 'ये' म्हणून सांगितलं, आणि नंतर मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा झाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. आणि ज्याचा गळा कापला त्याच्याच घरात बसून जेवत होता.

"पाच हजार... चार हजार..."

कमलाकांतने बोलायचं बटण दाबलं आणि जीव खाऊन ओरडला, "दादा! चूक! थांब! खाली येऊ नको!"

पलीकडे काही ऐकू गेलं नाही. आवाज आपला चालूच.

"तीन हजार. बरोबर का, साहेब?"

"म्हणा हो! एक शब्द म्हणा! तुमचाच ऐकेल तो!"

टिपणीसांच्या हाताशी बटण होतं. एक बोट उचलायचं होतं.

नाही उचललं.

आणि तेवढ्यात कमलाकांतची नजर समोरच्या उंचीच्या काट्यावर गेली...

तीन हजार.

तेच खाली येत होते!

टिपणीसांचे दोन्ही हात दांड्यावर होते आणि दांडा पुढे दाबलेला होता. विमानाचं नाक खाली, आणि तोंड डावीकडे वळलेलं, डोंगराकडे. मागे उतारू बसलेत, कुणी डबा उघडला असेल, कुणी पोराला मांडीवर घेतलं असेल. त्यांना काय ठाऊक?

"सर! वर घ्या!"

टिपणीस जागचे हलले नाहीत. कमलाकांतने आपल्या बाजूचा दांडा धरला आणि पोटाशी ओढला. दोन्ही दांडे एकाच तारेला जोडलेले. टिपणीसांचे हात लोखंडाचे झाले होते. हा ओढतोय, ते दाबताहेत.

"दोन हजार," आवाज म्हणाला. "साहेब... समोर काही तरी काळं..."

पुढचा शब्द आला नाही.

कमलाकांतने पाय समोर टेकवून सगळा जोर लावला. नाक उचललं. धुक्यातून झाडांचे शेंडे पंखाखालून गेले. एका झोपडीपुढे शेकोटी पेटलेली त्याला स्पष्ट दिसली, इतकं खाली होते ते. मागे किंकाळ्या उठल्या. मग झाडं संपली, अंधार संपला, वर चांदण्या दिसल्या.

लगेच रेडिओवर मुंबई ओरडायला लागली, "कुठे आहात? उत्तर का देत नाही? परवानगी नसताना खाली का आलात?"

टिपणीसांनी दांडा सोडला. खिशातून कंगवा काढला. केस नीट केले.

मला विचाराल तर त्या आवाजापेक्षा मला त्या कंगव्याची जास्त भीती वाटते.

विमान सुखरूप उतरलं. उतारूंपैकी कुणाला खरचटलंही नाही. धावपट्टीवर दोन अधिकारी उभे होते. त्यांनी विचारलं, "विमान कोणाच्या हातात होतं?"

टिपणीसांनी कमलाकांतच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने.

"याच्या," ते म्हणाले. "पोर आहे. घाई केली. मी वर ओढलं म्हणून वाचलो. घरातच आहे हो यांच्या, भाऊही असाच गेला."

कमलाकांत सांगणार काय? मेलेला भाऊ रेडिओवर बोलला? मुंबईत कुणी काही ऐकलं नव्हतं. त्याने तरी सांगितलं. वेडा झालाय म्हणाले. महिनाभरात उडायचा परवाना गेला.

चिंचणीला येऊन त्याने आयच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. दादा काय बोलला, आपण काय ओरडलो, टिपणीस काय पुटपुटले, अक्षरन् अक्षर. त्याला वाटलं, निदान आयला तरी पटेल.

आयने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "भाऊ देवमानूस हाय. आपला गुना दुसऱ्यावर नको घालू, कमळ्या. तुजा दादा तरी असा नव्हता."

परवाना गेला तेव्हा तो रडला नव्हता. तेव्हा मात्र रडला.

ज्या डोंगराखाली ती शेकोटी दिसली होती तिथे तो दुसऱ्याच आठवड्यात गेला. पाड्यावर नवशा म्हणून एक माणूस भेटला. चार वर्षांपूर्वी हरेश्वरला डोंगरावरून खाली आणणाऱ्यांतला.

"मार्गशीर्षातल्या अमावसेला इमान लय खालून गेलं, बघितलंस का?" कमलाकांतने विचारलं.

"बघितलं ना. शेकत बसलो होतो," नवशा म्हणाला. "दोन होती."

"दोन?"

"एक दिसलं. मागलं दिसलं नाय, आवाज आला नुस्ता. दिसलं ते वर गेलं. मागलं..." त्याने डोंगराकडे हात केला. "ते नेमी जातं तिकडंच गेलं."

"नेहमी म्हणजे?"

"अमावसेला येतं. आमी वर बघत नाय."

नलूवहिनीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ते अजून विचारताहेत." आणि आत गेली.

पुढे दोन वर्षं टिपणीस भाऊबीजेला येतच राहिले. आय ओवाळत राहिली. कमलाकांत तोवर बोईसरला एका ठेकेदाराकडे कामाला लागला होता. तो त्या दिवशी मुद्दाम उशिरा घरी यायचा.

एकोणसत्तर साली बातमी आली, टिपणीस आजारी आहेत, आता काही खरं नाही. कमलाकांत मुंबईला त्यांच्या घरी गेला. सगळा मान गिळून गेला. खाटेशी बसला आणि हात जोडले.

"सर, मला परवाना नको. चौकशी नको. कुणाला काही सांगू नका. फक्त एकदा म्हणा, चूक, थांब. माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी. तो तुमच्या उत्तरासाठी अडकलाय हो."

टिपणीसांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्याचा हात हातात घेतला.

"कमलाकांत, बाळा," ते म्हणाले, "मी त्याला थांबच सांगितलं होतं."

आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याच आठवड्यात गेले. पलंगावर, घरच्या माणसांत, झोपेत. वर्तमानपत्रात फोटो आला.

पुढच्या अमावस्येला संध्याकाळी आय अंगणात वाळत घातलेले बोंबील गोळा करत होती. कमलाकांत पायरीवर बसला होता. वारा पडलेला. कुत्रीसुद्धा गप्प.

वाणगावच्या बाजूने आवाज आला...

विमानाचा. खालून येणारा.

कमलाकांतने वर पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. काही नव्हतं.

आवाज घरावरून गेला. उतरताना इंजिनाचा आवाज कमी करतात, तसा कमी झाला. आणि उगवतीकडे वळला.

आयच्या हातातली टोपली पडली. ज्या बाईने तीन वर्षं पोटच्या पोराला खोटारडा ठरवलं, ती अनवाणी कुंपणापर्यंत धावली आणि आभाळाकडे हात करून ओरडली, "हऱ्या! चूक! चूक हाय ती! थांब रं बाबा! येव नको खाली!"

कमलाकांतने सांगितलेले शब्द. एकही विसरली नव्हती.

आवाज थांबला नाही. लांब गेला. आणखी लांब...

मग एकदम बंद झाला.

आय तशीच उभी. वळून तिने कमलाकांतकडे पाहिलं. माफी मागितली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "माजं नाय ऐकलं त्यानं."

"त्याला आपलं ऐकू येत नाही, आय. ज्याने निरोप दिला त्याचंच ऐकतो तो."

"तो तर मेला," आय म्हणाली. "मग आता कोन सांगंल त्याला?"

मामाने उठून सांडलेले बोंबील टोपलीत भरले. 

आता आय नाही, मामाही नाही. मी बोईसरला राहते. इथे दिवसभर कारखान्यांचा गोंगाट असतो, विमानं फार उंचावरून जातात, त्यांचं काही वाटत नाही. अमावस्येला तिन्हीसांजेच्या आत मी खिडक्या लावून घेते. इतकी वर्षं मला काही ऐकू आलेलं नाही, देवाशपथ.

पण गेल्या महिन्यात समोर एक नवीन बिऱ्हाड आलंय, लातूरकडचं. त्यातली बाई परवा, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, पीठ मागायला आली आणि सहज म्हणाली, "ताई, काल संध्याकाळी ते विमान इतक्या खालून का गेलं हो?"

मी तिला पीठ दिलं आणि दार लावून घेतलं.